दोन्ही गाल

लहानपणी मी एकदा हरवले होते. ही माझी हुकमी गोष्ट. दाखवायच्या कार्यक्रमात सासरच्या मंडळींना पोह्यांबरोबर मी हीच वाढली होती, आणि लग्न जमलं त्यात पोह्यांचा वाटा फारसा नव्हता असं माझं मत आहे. ऑफिसात नवा बॉस आला की पहिल्या लंचला त्याला ती ऐकावी लागते. माझा मुलगा तिच्यावर जेवून मोठा झाला. नवऱ्याला तर ती इतकी पाठ आहे की मी पाणी प्यायला थांबले तर पुढचं वाक्य तो म्हणतो, आणि हटकून चुकीचं म्हणतो, मग मला पुन्हा दोन वाक्यं मागे जावं लागतं.

गोष्ट अशी. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं ती. देश खुला झाला असं सगळे म्हणत होते. आमच्यापुरता तो खुला झाला म्हणजे घरात केबल आली, कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी कोल्ड्रिंक आलं, आणि बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून काढलेल्या हाउसिंग सोसायटीच्या इमारती, ज्या कित्येक वर्षं नुसत्या कागदावर होत्या, त्या एकदाच्या उभ्या राहिल्या. यमुनेच्या पलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत. आजूबाजूला फुलकोबीची शेतं. फोन नाही, पाणी टँकरचं, विजेचा भरवसा नाही, आणि ऑफिसला जायला सकाळी एकच चार्टर्ड बस, ती चुकली की दिवस बुडाला. पझेशन मिळालं, पझेशन मिळालं, असं बाबा पेढे वाटत सांगत होते. आईनं पहिल्या दिवशी चार वेळा झाडू मारला आणि पझेशन धुळीचं मिळालंय असं जाहीर केलं.

सहा ब्लॉक होते. चार-चार मजले, मजल्यावर चार-चार घरं, सगळं एका साच्यातून काढलेलं. दारं सगळी चॉकलेटी. नावाच्या पाट्या लागायच्या होत्या. ब्लॉकवर अक्षरं रंगवणारा पेंटर दिवाळीला गावी गेला तो गेलाच. तेव्हा आपलं घर ओळखायची आम्हा मुलींची खूण एकच, आईची रांगोळी. आई रोज सकाळी दारासमोर ठिपक्यांचं कासव काढायची. दिल्लीकडे दिवाळी सोडली तर दारात रांगोळी काढतंय कोण? त्यामुळे जिथं कासव तिथं आपण, एवढं पक्कं होतं.

आता झालं काय, मैदानापलीकडे समोरच्या ब्लॉकमध्ये एक पंजाबी आंटी राहायला आल्या होत्या. बँकेत नोकरी, हसतमुख बाई. टँकरच्या रांगेत आईची आणि त्यांची गट्टी जमली. त्यांना ते कासव फार आवडलं. आईनं आदल्या दिवशी त्यांना शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाण्याआधी त्यांनी आपल्या दारासमोर, तिसऱ्याच मजल्यावर, आमच्यासारख्याच कोपऱ्यात, तस्संच कासव काढलं. दुपारी शाळेच्या बसमधून मी एकटी उतरले. ताई त्या दिवशी घरी होती, बरं नव्हतं तिला बहुतेक, तो तपशील फारसा महत्त्वाचा नाही. मी जिना चढले, कासव दिसलं, दार नुसतं लोटलेलं होतं, आत गेले.

आत एक अनोळखी म्हातारी बसली होती. इथं लोक मला हमखास विचारतात, की बाई, अनोळखी म्हातारी बघून तू ओरडली कशी नाहीस? त्यांना दिल्लीतलं मराठी घर माहीत नाही. आमच्याकडे वर्षातले सहा महिने कुणी ना कुणी अनोळखी म्हातारी बसलेलीच असायची. आग्र्याला जाणारे, हरिद्वारला जाणारे, वैष्णोदेवीला जाणारे, मंत्रालयात काम अडकलेले, सगळे आधी आमच्याकडे उतरायचे. बाबांच्या मावसभावाच्या मेव्हण्याची सासू, अशा नात्यानं माणसं यायची आणि आठ-आठ दिवस राहायची. पाहुणे दिसले की वाकून नमस्कार करायचा, देतील ते खायचं आणि उलट प्रश्न विचारायचे नाहीत, हे आमच्या अंगात मुरलेलं होतं. त्या बीजींना, म्हणजे आंटींच्या सासूबाईंना, नमस्कार केला. त्यांना वाटलं नातीची मैत्रीण. त्यांनी राजमा-चावल दिला, मी खाल्ला. आमच्यासारख्याच ट्रंका, आमच्यासारख्याच गुंडाळलेल्या गाद्या. आई पाहुण्यांसाठी भाजी आणायला गेली असेल म्हणून मी गृहपाठ केला आणि गादीवर झोपून गेले.

इकडे आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती धावत एसटीडी बूथवर गेली आणि बाबांना फोन केला. बाबा हाफ सीएल, म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा, टाकून ऑटोनं आले. ज्यानं उभ्या नोकरीत ताप असतानाही हाफ सीएल घेतली नाही, तो माणूस. त्यांनी सहा ब्लॉकचं एकेक दार ठोठावलं. अर्ध्या घरांना कुलपं, अजून कुणी राहायलाच आलं नव्हतं. बीजींना ऐकू कमी, त्यांना दार वाजलेलं कळलंच नाही. शेवटी पाच-साडेपाचला आंटी बँकेतून परतल्या, गादीवर परकं पोर बघून त्यांना घामच फुटला, आणि त्यांनी गॅलरीतून हाका मारल्या.

आणि मग बाबा आले. बाबा कसे होते ते सांगायला हवं. मुलांना जवळ घेणं हा त्यांना नियमबाह्य खर्च वाटायचा. पाठीवर थाप नाही, कौतुक नाही, मार्क चांगले पडले की 'ठीक आहे' आणि वाईट पडले की अर्धा तास. पण त्या दिवशी त्यांनी मला उचललं, सगळ्यांसमोर, आणि ते रडले. मला घट्ट धरून तीन मजले उतरले आणि आमच्या ब्लॉकचे तीन मजले चढले. इतकं घट्ट की त्यांच्या खिशातल्या पेनाची क्लिप माझ्या गालात रुतली. तो गाल दुखल्याचं मला आजही आठवतं. इथं मी गालावर हात ठेवते. ऐकणाऱ्या बायकांचे डोळे पाणावतात, आणि गोष्ट संपते.

बाबा गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी ताईचा फोन आला. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, फरीदाबादला असते. विधी झाल्यावर सोसायटीतल्या जुन्या लोकांना जेवायला बोलवायचं आणि ज्यानं त्यानं बाबांची एकेक आठवण सांगायची, असं आईनं ठरवलं होतं. ताई इकडचं तिकडचं बोलली, डाळ किती भिजवायची ते बोलली, आणि मग म्हणाली की हरवल्याची गोष्ट या वेळी ती सांगणार आहे. मी म्हटलं सांग की, पण माझी गोष्ट तू कशी सांगणार? तर ती म्हणाली की ती माझी नाहीच. हरवले होते ती मी, ताई म्हणाली.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता. तीस वर्षं गोष्ट मी सांगतेय, पॉलिश मी केलंय, बीजींचा आवाज मी काढते, आणि आता आयत्या बिळावर ही नागोबा. पूर्वीही एकदा, कॉलेजात असताना, ती असंच काहीतरी पुटपुटली होती, तेव्हा मी इतका आरडाओरडा केला की तिनं विषय सोडून दिला. नंतर माझ्या लग्नात, डोहाळजेवणात, दर दिवाळीला मी ती गोष्ट सांगत आले, बाबा आपल्या रडण्याचा विषय निघणार म्हणून आधीच उठून जायचे, आणि ताई ऐकत आली, वाढत आली, कधी उठून पाणी आणायला गेली. ती भांडली नाही म्हणजे तिची नाही, असा माझा सरळ हिशोब. मी तिला तेच ऐकवलं. तिला म्हटलं, माझा गाल अजून दुखतो ताई, दुखणं काही कुणी उसनं घेत नाही.

ती म्हणाली, "तुझ्याकडे बाबांचं पुष्कळ आहे गं. माझ्याकडे तेवढं एकच आहे."

ते खरं होतं, आणि म्हणून मला आणखी राग आला. मी धाकटी, मला सगळं माफ होतं. ताईनं सायन्स सोडलं तेव्हा बाबा महिनाभर धुमसत होते. तिनं एका मल्याळी मुलाशी स्वतःहून लग्न ठरवलं तेव्हा तर दोन वर्षं बोलले नाहीत, आणि पुढे बोलायला लागले तेही आईच्या मार्फत, जसं खालच्या टेबलावरून वर कागद जातो तसं. शेवटच्या आजारात ताईनं त्यांचं सगळं केलं. ते तिला 'ठीक आहे' म्हणत राहिले. पण म्हणून काय मी माझं लहानपण उचलून तिला देऊन टाकू? मी म्हटलं, आईला विचारू, आणि फोन ठेवला.

दोन दिवस आधीच मी आईकडे, त्याच जुन्या घरी, गेले. मदतीला म्हणून, खरं तर साक्षीदार फोडायला. आईला विचारलं, की आपण नवीन राहायला आलो तेव्हा हरवलं कोण होतं, मी की ताई? आई म्हणाली तुम्ही दोघी कायमच हरवलेल्या होतात, कधी डबा, कधी रिबन, कधी वही. मी म्हटलं तसं नाही गं, त्या आंटींकडे कोण जाऊन बसलं होतं? आईनं खूप विचार केला. तिला एवढंच आठवलं की त्या बाईनं कासवाची शेपटी उलट्या बाजूला काढली होती, आणि इतकं समजावून सांगूनही शेपटी चुकते म्हणजे कमाल आहे. घर शोधताना उभी पोर हरवली, ते राहिलं बाजूला. शेपटी लक्षात आहे.

ताईची मुलगीही आली होती. एकोणीस वर्षांची, दिल्लीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकते, आणि सध्या घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात काय चाललंय ते तिला आमच्याआधी कळतं. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत उन्हात मटार सोलत बसलो. थंडीतली दिल्ली, बरं वाटत होतं. आईनं ट्रंकेतली जुनी गोधडी कठड्यावर उन्हाला घातली होती. मी भाचीपुढे माझी कैफियत मांडली, तिच्या आईविरुद्ध, पण भाषा सांभाळून.

ती म्हणाली, "मावशी, आठवण म्हणजे व्हिडिओ नसतो यार, की लावला आणि बघितला." आणि मग तिनं मला मटार सोलता सोलता जे सांगितलं ते मी मला समजलं तसं सांगते. एखादा प्रसंग घडतो तेव्हा तो डोक्यात एका जागी जाऊन बसत नाही. दिसलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे, वास तिसरीकडे, भीती चौथीकडे. कानांच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा मेंदूचा छोटासा भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. तिनं नाव सांगितलं, हिप्पोकॅम्पस. कुठला तुकडा कुठे ठेवलाय ते त्याला ठाऊक असतं. आठवायचं म्हटलं की तो ते तुकडे गोळा करतो आणि प्रसंग नव्यानं जोडून पुढे ठेवतो. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या आजोबांच्या ऑफिसातला रेकॉर्ड रूमचा शिपाई. तिला शिपाई पटला. म्हणाली बिल्कुल, पण हा शिपाई जरा मनकवडा आहे. एखादा कागद सापडला नाही तर साहेब ओरडतील म्हणून दुसऱ्या फाइलमधला त्याच्यासारखा दिसणारा कागद लावून देतो, आणि फाइल पूर्ण आहे म्हणून सांगतो.

मला हसू आलं, पण ती थांबेना. फाइल वर आली की साहेब तिच्यावर काहीतरी लिहितातच, आणि ती परत जाते ती त्या लिहिलेल्यासकट. पुढच्या वेळी येते ती लिहिलेली फाइल. म्हणजे जी आठवण आपण सगळ्यात जास्त वेळा सांगतो तिच्यावर सगळ्यात जास्त खाडाखोड. आणि वर, काय घडलं ते मेंदू ठेवतो, पण ते आपण पाहिलं की कुणाकडून ऐकलं, तो आवकचा शिक्का सगळ्यात आधी पुसला जातो. भावंडांमध्ये तर हे सर्रास होतं म्हणे. एकानं पडायचं आणि दुसऱ्यानं गुडघा फुटल्याचं आठवायचं.

मी म्हटलं, शहाणे, तुझा शिपाई घेऊन बस. ऐकलेली गोष्ट डोळ्यांपुढे येईल एकवेळ, पण दुखेल का? पेनाची क्लिप रुतून माझा गाल दुखलेला मला आठवतोय. आत्ता या क्षणी आठवतोय.

तिनं शेंगेतला दाणा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, "कोणता गाल?"

मी म्हटलं, "दोन्ही."

म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. भाचीनं वर बघितलं नाही, हा तिचा मोठेपणा. एका खिशात एक पेन, त्याला एक क्लिप. ती दोन्ही गालांत कशी रुतणार? मी मनातल्या मनात बाबांच्या दुसऱ्या बाजूलाही एक खिसा शिवून बघितला. जमेना.

तेवढ्यात आतून, कणीक मळता मळता, आई म्हणाली की दोन्ही गाल म्हणजे गालगुंडं. भाचीनं विचारलं गालगुंड म्हणजे काय, तर आईनं सगळी हकीकतच सांगायला घेतली. जिला सकाळी काही म्हणता काही आठवत नव्हतं, तिच्यापुढे योग्य कागद पडल्याबरोबर फाइलच्या फाइल उघडली. मला गालगुंडं झाली होती, नव्या घरात आल्या आल्या. पंधरा दिवस शाळा नाही. हनुवटीखालून डोक्यावर मफलर बांधून मी घरभर फिरायचे, आणि ताई एकटी बसनं जायची. आणि त्याच पंधरवड्यात तर ती पोर हरवली होती, आई म्हणाली, आता आठवलं, कारण मी एका पोरीच्या गालाला लेप लावत होते आणि दुसरी येईना.

मी उठले. मटाराची टोपली कलंडली, ती मी उचलली नाही. काय करावं ते न सुचून मी कठड्याशी गेले आणि गोधडीवर हात टेकून खाली मैदानाकडे बघत राहिले. मैदान आता मैदान नाही, सगळ्या गाड्याच उभ्या असतात. उन्हानं गोधडी गरम झाली होती. आईच्या जुन्या साड्यांची गोधडी ती, डांबराच्या गोळ्यांचा आणि तापलेल्या सुताचा वास येत होता. मी नाक खुपसलं, आणि मला काहीतरी दिसलं, जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी याच कठड्याशी उभी होते. कठडा माझ्या छातीला लागत होता, मफलर कानांना काचत होता, आणि माझ्या दोन्ही हातांत या गोधडीची दोन टोकं होती. बाबांनीच सांगितलं होतं. ऑटोतून उतरून वर आले, घरातून ही गोधडी काढली, कठड्यावरून बाहेर सोडली. सगळ्यांच्या घरी रजया, गोधडी आमच्याच घरी. ताई खाली कुठे भटकत असेल तर तिला लांबून दिसेल आणि घर कळेल. दोरी अजून बांधलेली नव्हती, वारा होता. धरून उभी राहा, हलू नकोस, असं म्हणून ते जिना उतरले.

मी हलले नाही. ते एका ब्लॉकमध्ये शिरायचे, बऱ्याच वेळानं बाहेर यायचे, दुसऱ्या ब्लॉकमध्ये शिरायचे. माझे गाल ठणकत होते. मला शूला लागली होती. आई बूथवर किंवा जिन्यात, घरात कुणी नव्हतं, आणि गोधडी सोडली तर ताई सापडणार नाही, हे मला इतकं खरं वाटत होतं की मी जागीच उभी राहिले आणि फ्रॉक ओला झाला. सहा वर्षांची घोडी, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग उजेड कमी व्हायला लागल्यावर समोरच्या ब्लॉकमधून बाबा बाहेर आले, त्यांच्या कडेवर ताई होती, आणि त्यांनी तिला इतकं घट्ट धरलं होतं की तिचा चेहरा दिसत नव्हता. सगळे तिच्याभोवती. मला कुणी विचारलं नाही. मी आत जाऊन फ्रॉक बदलला, ओला फ्रॉक ट्रंकेमागे टाकला, आणि मला ताईचा इतका हेवा वाटला की तेव्हाच, मला वाटतं, मी तिच्या जागी जाऊन बसले. पुढचं काम शिपायानं केलं.

ही आठवण कुणाला सांगितली नव्हती म्हणून ती कोरी राहिली होती. ओल्या फ्रॉकच्या लाजेनंच ती राखली म्हणायची. भाचीला मी एवढंच म्हटलं, की तुझ्या आईला फोन लाव. लावला, आणि मग मला धीर झाला नाही, मी डाळ किती भिजवायची ते विचारलं.

वर्षश्राद्धाला तीसएक माणसं होती. जेवणं झाली, बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांनी फाइलवरच्या बाबांच्या नोटिंगची तारीफ केली, दुसऱ्यांनी चार्टर्ड बसमधल्या पत्त्यांच्या डावाची गंमत सांगितली. त्या पंजाबी आंटी आता थकल्यात, काठी घेऊन आल्या होत्या; आम्हा दोघी बहिणींत त्यांची पहिल्यापासून गल्लत होते. त्याच मला म्हणाल्या की बेटा, तू वो कछुएवाली सुना. सगळे माझ्याकडे वळून बसले. नवऱ्यानं माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरून ठेवला, सवयीनं. ताई दारापाशी ताटं गोळा करत होती, ती ताटं घेऊन आत जायला निघाली.

मी म्हटलं, "ती गोष्ट ताईची आहे. मी तीस वर्षं चोरून सांगत होते. ताई, ताटं ठेव आणि बस."

हशा झाला, लोकांना वाटलं मी नवीन काहीतरी वळण घातलंय. नवरा बावरला. ताई ताटं तशीच हातात घेऊन उभी होती, ती मी काढून घेतली, आणि तिला बसवलं.

ताईला गोष्ट सांगता येत नाही. तिनं बीजींचा आवाज काढला नाही, पाहुण्यांचा विनोद तर विसरूनच गेली. पण तिच्याकडे असं काय काय होतं जे माझ्याकडे कधीच नव्हतं. बाबांच्या शर्टाला ऑटोतल्या पेट्रोलचा वास येत होता. ते जिना उतरताना पायऱ्या मोजत होते, तोंडातल्या तोंडात, स्वतःला सावरायला. क्लिप तिच्या उजव्या गालात रुतली होती, कारण तिनं डोकं त्यांच्या डाव्या खांद्यावर टेकलं होतं. आंटी डोळे पुसत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं धरून उभी होते, आणि मला ते ऐकून त्रास होत होता, आणि बरंही वाटत होतं.

मग ती थांबली, आणि तिनं मला शोधलं. म्हणाली की मैदानाच्या मध्यावर आल्यावर बाबांनी तिला मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघायला लावलं. "म्हणाले, ती बघ, तुझी बहीण, दुपारपासून हलली नाही. प्रत्येक ब्लॉकमधून रिकाम्या हातानं बाहेर आलो की वर बघायचो. ती दिसायची, मग पुढच्या ब्लॉकमध्ये शिरायचो."

गोधडी धरून गॅलरीत उभं राहिल्याबद्दल मी कुणालाही बोलले नव्हते. ताईलाही नाही, भाचीलाही नाही. गॅलरीत मी उभी होते हे ताईनं खालून पाहिलं असणारच, तेवढं खरं. पण बाबा, जे 'ठीक आहे' च्या पलीकडे जात नसत, ते एका दमात एवढं बोलले? की इतकी वर्षं माझी गोष्ट ऐकता ऐकता, ताटं वाढता वाढता, धाकटीलाही काहीतरी मिळावं म्हणून ताईनं ते फाइलवर लिहून ठेवलं? भाची माझ्याकडेच बघत होती. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं.

मी ताटं सिंकमध्ये ठेवली, बाहेर आले, ताईच्या शेजारी जाऊन बसले. एकदाही विचारलं नाही, कोणता गाल.